गुरुजी, जुन्या बासरीला ड्रिल लावू नका

अंबाजोगाईच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलं आहे. वय 68. तीस वर्षांपासून पांढरी तीनची, म्हणजे हार्मोनियमची तिसरी पांढरी पट्टी जिचा षड्ज आहे अशी, लांब बासरी वाजवतात. त्यांच्या गुरूंनी हातात दिलेली. दोन वर्षं झाली, उजव्या हाताची अनामिका शेवटच्या भोकावर नीट बसत नाही, खालचा पंचम चिरकतो, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. कुणी सांगितलं, ते भोक एम-सीलने बुजवा आणि थोडं वर नवीन पाडून घ्या. तसं करावं का? मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवात मंडळासोबत बसायचंय, तोवर काही जमेल का?

जमेल. पण ड्रिल लावू नका. त्या बासरीला तर नकोच.

मी लातुरात बासऱ्या घडवतो आणि बँडवाल्यांची क्लॅरिनेटं, सनया दुरुस्त करतो. धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतः अशी एक बासरी मारलेली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतोय. भोक बुजवलं, वर नवं पाडलं, खालच्या सप्तकात सूर चोख लागला, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. आठ दिवसांनी परत आलं. वरच्या सप्तकात तोच धैवत उतरलेला! पुढे मे महिन्यात तर कहरच झाला. आपल्या मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हात बांबू आकसला, आतली भरलेली गुळी काही आकसली नाही, आणि तिथूनच नळीला उभी चीर गेली. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा आधी रोग कुठे आहे ते बघू. खालचा पंचम चिरकतो म्हणजे दोष शेवटच्या बोटाचाच, असं आपण धरून चालतो. पंचमाला सहाही भोकं बंद लागतात. त्यातलं कुठलंही एक केसभर उघडं राहिलं तरी आवाज फाटतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. शेवटच्या भोकावर चिकटपट्टी लावा, ती नखाने नीट दाबा आणि पंचम फुंका. आता स्वच्छ लागला तर अनामिकाच दोषी. तरीही चिरकला तर एकेक करत वरच्या भोकांवर पट्टी लावत जा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या वादकांमध्ये खरी गळती डाव्या अनामिकेखाली, तिसऱ्या भोकावर निघाली आहे. उजवं बोट ताणायला गेलं की सगळी नळी किंचित फिरते आणि डाव्या हाताचं बोट भोकावरून सरकतं. माणूस मात्र उजव्या हाताला शिव्या घालत बसतो.

दुसरी तपासणी हाताची. दोन्ही हात जोडून नमस्कार करा आणि आरशात बाजूने बघा. तळवे आणि बोटं एकमेकांना सपाट टेकतात का? बोटांमध्ये फट राहत असेल तर सांधे आखडलेत. मधुमेह जुना असेल तर हे पुष्कळदा दिसतं, आणि त्यावर बासरीवाला काही करू शकत नाही, साखर आणि व्यायामच करू शकतो. बोटाच्या शेवटच्या सांध्याला टणक गाठी आल्या असतील, तर ती वयाची संधिवाताची खूण. त्या बोटाची पेरं थोडी वाकडी होतात आणि टोकाची गादी भोकावर तिरकी पडते. बोट वाकवून सोडताना कट्कन अडकत असेल, रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, किंवा सकाळी अर्धा-पाऊण तास बोटं सुजून जड राहत असतील, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नंतर. अंगठ्याच्या मुळाची कळ म्हणजे बहुतेक वेळा तिथला सांधा झिजलेला असतो. त्याला रात्री बांधायचा पट्टा मिळतो, फिजिओथेरपिस्ट तो मापाने देतात. तो बांधायला लाजू नका.

तुम्ही पोचण्याबद्दल विचारलंत, पण दुखण्याचं मूळ बहुधा पेलण्यात आहे. लांब बासरीचं वजन काही फार नसतं. पण ती तीन ठिकाणी टेकते: खालच्या ओठाशी, डाव्या तर्जनीच्या मुळाशी आणि उजव्या अंगठ्यावर. यातली एक टेकण डळमळली, की बाकीची बोटं नळी चिमटीत धरायला लागतात. ज्या बोटाने नुसतं झाकायचं ते बोट आवळायला लागतं. अंगठा मागून जोर लावतो, बोटं पुढून, आणि सांध्याचा चुरा होतो. मग झाकण सुटतं. म्हणून पहिला इलाज एका पैशाचा: सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापा, उजवा अंगठा जिथे पडतो तिथे नळीवर चढवा, आणि त्या कड्याखाली बाटलीच्या बुचाची एक चकती सरकवा. अंगठ्याला ओटा मिळतो, नळी फिरत नाही, घाम आला तरी घसरत नाही. डाव्या तर्जनीच्या मुळाशी तसंच मऊ काहीतरी द्या; मी क्लॅरिनेटच्या सांध्याला लावतो तो पातळ कॉर्क वापरतो. दोन्ही गोष्टी काढता येतात, गुरूंच्या बासरीला ओरखडाही जात नाही. एवढं करून आठ दिवस वाजवा. निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते, हे माझ्या धंद्याच्या दृष्टीने वाईट असलं तरी खरं आहे.

मांडी घालून बसायचा हट्टही सोडा. खुर्चीत बसा, उजव्या कोपराखाली तक्क्या घ्या. आणि बोटांच्या टोकांनी भोक दाबायची सवय मोडा. सनईवाले बघा, बोटं कशी लांबट, सपाट टाकतात. पांढरी तीनवर तर्जनी आणि मधलं बोट टोकाऐवजी मधल्या पेराने झाकलं, की पंजा आपोआप खाली सरकतो आणि अनामिकेला शेवटच्या भोकापर्यंत वाव मिळतो. सुरुवातीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, गबाळी येईल. पंधरा दिवसांत बोट शिकतं.

आता नवीन बासरीकडे येतो, कारण तुम्हाला ती लागणारच आहे, आज नाही तर दोन वर्षांनी. आणि इथे एक गोष्ट सांगायचीय, जी पुष्कळ कारागिरांनाही पटायला वेळ लागतो. बासरीचा सूर ठरतो तो भोक फुंकरीच्या भोकापासून लांबीत किती दूर आहे यावर. नळीच्या घेरात ते कुठे आहे, याचा सुराशी संबंध नाही. सगळी भोकं एका सरळ रेषेत पाडतात ती दिसायला बरी म्हणून आणि खुणा करायला सोपी म्हणून. अनामिका मधल्या बोटापेक्षा आखूड असते. तरी तिला मधल्या बोटाच्याच रेषेत भोक देऊन आपण वर्षानुवर्षं सरळ करायला लावतो. शेवटचं भोक जागच्या जागी, लांबी तीच ठेवून, तळहाताच्या बाजूला चार-सहा मिलिमीटर फिरवून पाडलं, तर बोट ताठ न होता वाकलेलंच पोचतं. सूर तसूभर हलत नाही. तिसऱ्या भोकाचंही तसंच करता येतं. माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या माणसाला मी सरळ रेषेतली लांब बासरी हल्ली देतच नाही. दिसायला जरा दात पडल्यासारखी दिसते, एवढंच.

याउलट भोक लांबीत वर सरकवलं की सूर चढतो. तो उतरवायला भोक लहान करावं लागतं. लहान भोकाचा आवाज बारीक, मींडेला जागा कमी, आणि माझ्या त्या पहिल्या चुकीत झालं तसं वरच्या सप्तकात तो स्वर उतरतो. म्हणून लांबीत दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे मी जात नाही. बाजूला फिरवायला मात्र हात मोकळा.

दोन तुकड्यांची, मधे सांधा असलेली बासरी हा याहून सोपा मार्ग. वरचा तुकडा फुंकरीच्या भोकाचा आणि डाव्या हाताच्या तीन भोकांचा, खालचा उजव्या हाताचा. खालचा तुकडा आपल्याला हवा तेवढा फिरवायचा, मनगटाला जिथे आराम वाटेल तिथे थांबायचं. आज दुखतंय तर थोडं जास्त फिरवा, उद्या कमी. सांध्याला दोरा आणि मेण बसवलेलं असतं. दर पावसाळ्यानंतर ते बघावं लागतं, नाहीतर तिथूनच हवा जाते आणि तुम्ही पुन्हा बोटांना दोष देता.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. भोक फिरवल्याने बोट सुखावतं, दोन भोकांमधलं अंतर कमी होत नाही. ज्यांचा पंजाच उघडत नाही, नमस्कारात फट राहते, त्यांना आखूड बासरीच लागते. हिशेब सोपा आहे. पांढरी तीनवरून पांढरी पाचवर गेलात तर सगळी अंतरं साधारण 16 टक्क्यांनी जवळ येतात. पांढरी सहावर गेलात तर रुपयाचे बारा आणे होतात. पांढरी तीनची नळी 30 इंचांच्या आसपास असते, पांढरी सहाची 22 इंचांच्या. हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो.

यावर तुम्ही म्हणाल, मंडळ पांढरी तीनमध्ये गातं, मी सहाची बासरी घेऊन काय करू? (तुम्ही लिहिलंय की वीस वर्षांपूर्वी हेच मंडळ काळी चारमध्ये गायचं, आता सगळ्यांचेच आवाज उतरलेत. आमच्याकडेही तेच आहे.) तर पांढरी सहाच्या बासरीचा खालचा पंचम, म्हणजे सगळी भोकं बंद केल्यावरचा स्वर, हा नेमका पांढरी तीन आहे. त्यालाच षड्ज माना. मग खालून एकेक भोक उघडत गेलात की रे, ग, म, प, ध, नि सरळ शुद्ध लागत जातात. शुद्ध मध्यमासाठी वरचं भोक अर्धं धरायची कसरत नाही. मध्यम आयता मिळतो. कोमल निषादाला तेवढं वरचं भोक अर्धं धरायचं. अभंग, गवळणी, आरत्या यातल्या बहुतेक चालींना हे पुरतं. किंमत एकच: षड्जाच्या खाली काही नाही. चाल मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषाद-धैवताला शिवते तिथे वरच्या सप्तकातून फिरून यावं लागतं. आणि तीस वर्षं जे बोट षड्जाला उठत होतं ते आता मध्यमाला उठणार, तेव्हा पहिला महिना चिडचिड होणार. बोटाला जुनी वाट सोडायला लावणं बैलाला नवी शिवळ घालण्यासारखं आहे, मान आधी झटकतोच. पण मार्गशीर्षापर्यंत हाताशी वेळ आहे, आणि उत्सवात बसायचं असेल तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हीच.

लांब बासरीचा गंभीर आवाज सोडवत नाही, हे मला कळतं. पन्नालाल घोषांनी (1911–1960) ही मोठी बासरी रागसंगीताच्या बैठकीत आणली आणि मंद्राची ओढ आपल्याला लावून ठेवली. त्यांनीच सातवं भोकही रूढ केलं, मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी, उजव्या करंगळीखालचं. नवीन बासरी घेताना कुणी सात भोकांची गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तुमची अनामिका पोचत नाही, तिथे करंगळीला कुठे पाठवता?

किल्लीबद्दलही लोक विचारतात. पाश्चात्त्य बासरीला म्युनिकच्या थिओबाल्ड बोहेमने 1832मध्ये आणि मग 1847मध्ये जी यंत्रणा बसवली, तिचा मतलबच हा होता: भोक सुराला हवं तिथे पाडा, बोट पोचत नसेल तर दांडी आणि झाकण लावा. मी बँडच्या मोडीत निघालेल्या क्लॅरिनेटच्या किल्ल्या काढून दोन-तीन बासऱ्यांच्या शेवटच्या भोकावर बसवून दिल्यात. चालतं. पण झाकणाला अर्धं उघडता येत नाही. शेवटचं भोक अर्धं धरूनच कोमल धैवत निघतो, आणि पंचम-धैवताची मींडही तिथलीच. म्हणजे भैरव गेला, आसावरी गेली, तोडी गेली. भूप, दुर्गा, यमन वाजवा खुशाल. ज्याचं बोटच कायमचं निकामी झालंय त्याला किल्ली वरदान आहे. तुमची अवस्था तिथवर आलेली वाटत नाही.

सनईवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हे वाचून तेही फोन करतील. सनईचं भोक फिरवणं लाकडात अवघड, त्यापेक्षा आखूड वाद्याकडे जा. सोलापूरच्या जाधव घराण्याने गाजवलेली सुंदरी हे त्याचं आपल्याजवळचं उदाहरण. एवढुसं वाद्य, पंजा जवळजवळ मिटलेला राहतो. दम मात्र तितकाच लागतो. क्लॅरिनेटवाल्यांनी गळ्यातला पट्टा वापरावा आणि अंगठ्याची टेकण सैल करून स्वतःच्या हाताला मानवेल तिथे वर-खाली करून घ्यावी. पाऊण किलोचं वाद्य एका अंगठ्यावर मिरवणूकभर तोलायचं आणि मग अंगठा गेला म्हणायचं, याला काय अर्थ?

वय झालं की बोटांची टोकं कोरडी आणि पातळ होतात, संवेदना कमी होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत पण असणारच. भोकाच्या कडेला बारीक पॉलिश पेपरने हलका उतार दिला, उथळ वाटीसारखा, की बोट न बघता त्यात बसतं आणि झाकण पक्कं होतं. उताराने सूर अगदी किंचित चढतो, म्हणून हे काम सूर लावायच्या आधी करायचं असतं, नंतर नाही. तुमच्या जुन्या बासरीवर तेही नको. वाजवण्यापूर्वी ओल्या फडक्यावर बोटं टेकवा, तेवढं पुरे. तेल लावून वाजवू नका, धूळ धरते. नळीला आतून तेल द्यायचं ते मोहरीचं, अगदी हलका हात, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. करडईचं घरात असतं म्हणून लोक तेच ओततात. ते सुकताना चिकट थर धरतं आणि वर्षभराने नळीत बोळा फिरत नाही.

आणि पहाटेचा रियाज बंद करा. गुरूंनी सांगितला असेल, मला माहीत आहे. पण पहाटे तुमची बोटं आखडलेली असतात, त्यात डिसेंबरातली आपल्याकडची थंडी. नऊ-दहा वाजता, कोमट पाण्यात पाच मिनिटं हात शेकून बसा. पंधरा मिनिटं वाजवा, थांबा, चहा घ्या, पुन्हा पंधरा मिनिटं. दुखायला लागल्यावर थांबायचं नसतं, त्याच्या आधी थांबायचं असतं.

नवीन बासरीचा बांबू कुठला, असंही विचारलंय. आपल्या डोंगरातला मानवेल नको. भिंत जाड, जवळजवळ भरीव, त्यातून लांब पोकळ नळी निघत नाही. ईशान्येकडचा, आसाम भागातला पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू लागतो. हलका असतो आणि तुमच्या हाताला तेच हवंय. पण बांबू फोडण्याआधी प्लास्टिकवर मोजमाप करून घेऊ. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणा. स्टॅम्पपॅडची शाई बोटांच्या गाद्यांना लावा, डोळे मिटा, आणि बासरी धरल्यासारखा तो पाइप धरा. ताणू नका, भोकं आठवू नका, मनात फक्त आराम ठेवा. उघडून बघा, सहा ठसे उमटलेले असतील. ते एका रेषेत नसतील. कुणाचेच नसतात. असं तीन वेगळ्या दिवशी, तीन तुकड्यांवर करा, कारण एका दिवसाचा हात खोटं बोलू शकतो. हाताचा खरा पल्ला त्या ठशांवरून कळतो. मग मी पीव्हीसीचीच एक कच्ची बासरी पाडून देईन, ती महिनाभर वाजवून बघा, खुणा बदलू, आणि पटली तरच बांबूला सळई लावू.

ते तुकडे एसटीने कुणाबरोबर पाठवलेत तरी चालतील. स्वतः येणार असाल तर दुपारचं ऊन टाळून या आणि गुरूंची बासरी कापडात गुंडाळून सोबत आणा. तिच्या फुंकरीच्या भोकाचं माप मला घ्यायचंय. तुमचे ओठ तीस वर्षं त्याच कडेवर बसलेत. बोटांखाली सगळं नवीन येणार, तर निदान ओठांखाली तरी जुनंच राहू दे.